परीक्षेची धास्ती: एका शोधाचा इतिहास

परीक्षेच्या दिवशी सकाळी केंद्राच्या फाटकाशी उभे राहिले की काही दृश्ये हमखास दिसतात. कुणी वहीची पाने भराभरा उलटत असते, कुणाचे हात गार पडलेले असतात, कुणी तिसऱ्यांदा लघवीला जाऊन आलेले असते. वर्षभर वर्गात उत्तरे देणारा एखादा विद्यार्थी प्रश्नपत्रिका हातात पडताच कोरा होतो आणि घंटा झाल्यावर जिना उतरताना त्याला सगळे आठवू लागते. शिक्षक म्हणून आपण हे इतक्यांदा पाहिलेले असते की त्यात शोधण्यासारखे काही असेल असे वाटतच नाही. मग आपण दोनपैकी एका वाक्यावर विषय संपवतो. 'अभ्यास नीट केला असता तर घाबरला नसता' हे एक, आणि 'थोडी भीती हवीच, नाहीतर मुले पुस्तक उघडत नाहीत' हे दुसरे.

ही दोन्ही वाक्ये कितपत खरी आहेत याचा तपास गेली शंभर-सव्वाशे वर्षे चालू आहे. या तपासाच्या इतिहासात एक गमतीची गोष्ट आढळते. भीतीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना खरोखर घाबरलेली माणसे हवी असत, आणि तीही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. अशी माणसे त्यांना शेजारच्याच वर्गात सापडली. ते होते वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. दुसऱ्यांचे आजार बरे करायला शिकणारी ही मुले पहिल्यांदा या विषयातील प्रयोगांचे विषय बनली. त्यांनाही मदतीची गरज आहे, हे लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

नाचरे उंदीर

'थोडी भीती हवीच' या म्हणण्याला आधार म्हणून बहुधा एका नियमाचा दाखला दिला जातो. तो आहे यर्क्स-डॉडसन नियम. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९०८ साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांचे विद्यार्थी होते गोल गोल फिरणारे जपानी नाचरे उंदीर. उंदरापुढे एक पांढरी आणि एक काळी अशा दोन पेट्या असत. काळ्या पेटीत शिरले की विजेचा झटका बसे. उंदराने पांढरी पेटी ओळखायला शिकायचे. संशोधकांनी झटक्याची तीव्रता बदलून पाहिली, आणि प्रकाश कमी-जास्त करून दोन पेट्यांतील फरक ओळखणे सोपे किंवा अवघड केले.

फरक ढळढळीत असताना झटका जितका जोरदार तितके उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणे अवघड केल्यावर मात्र जोरदार झटक्याने शिकणे मंदावले. मध्यम किंवा त्याहून सौम्य झटकाच उपयोगी ठरला.

या निबंधाचा विषय चिंता नव्हता, परीक्षा तर नव्हतीच. १९५० नंतरच्या काळात मानसशास्त्रज्ञांनी 'झटका' या शब्दाच्या जागी 'उत्तेजन' आणि पुढे 'चिंता' असे शब्द घातले. उपड्या वाटीसारखा तो प्रसिद्ध आलेख पाठ्यपुस्तकांत रुळला आणि थोड्या उंदरांवर केलेला प्रयोग माणसांच्या परीक्षेचा नियम होऊन बसला. तरीही हा नियम कुणाला मानायचाच असेल तर त्याने तो पूर्ण मानावा. काम जितके अवघड, तितका झटका सौम्य हवा, हे त्याचे दुसरे अंग आहे. पाढे म्हणून घेताना कदाचित धाक चालून जाईल. एखाद्या रुग्णाच्या दहा लक्षणांतून नेमका रोग हुडकून काढताना तो चालणार नाही.

हार्वर्डची मूत्रपरीक्षा

त्याच सुमारास हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात वॉल्टर कॅनन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ भीतीचा माग शरीरात घेत होते. १९११ साली त्यांनी व डॅनियल द ला पाझ यांनी मांजरावर प्रयोग केले. शांत बसलेल्या मांजराचे रक्त आणि भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर घाबरलेल्या त्याच मांजराचे रक्त त्यांनी तपासले. घाबरलेल्या मांजराच्या रक्तात मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून आलेल्या ॲड्रिनॅलिनची खूण सापडली. ॲड्रिनॅलिनमुळे यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनची साखर होऊन रक्तात येते. ही साखर फार वाढली तर ती लघवीतही उतरते. घाबरलेल्या मांजरांत असे झालेले दिसले.

माणसात असे होते का? कॅनन यांचे सहकारी स्मिली यांनी नऊ वैद्यकीय विद्यार्थ्यांची लघवी तपासली. एरवी त्यांपैकी कुणाच्याही लघवीत साखर नसे. अवघड परीक्षेनंतर नऊपैकी चौघांच्या लघवीत ती आढळली. सोप्या परीक्षेनंतर फक्त एकाच्या. विद्यापीठाच्या फुटबॉल संघातही अशीच तपासणी झाली. १९१३ च्या हंगामातील शेवटच्या, चुरशीच्या सामन्यानंतर पंचवीसपैकी बारा खेळाडूंच्या लघवीत साखर होती. या बारांपैकी पाच जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते. नुसते बाकावर बसून सामना पाहत होते.

राखीव खेळाडूंची ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. शरीर पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करते. साखर रक्तात येते, हृदय जोरात चालते, हातापायांच्या त्वचेकडचे रक्त कमी होऊन ते स्नायूंकडे वळते. म्हणून हात गार पडतात. परीक्षेच्या बाकावर मात्र ना पळायचे असते, ना झुंजायचे. तयारी सगळी होते, पण ती वापरायला वाट नसते. १९१५ साली कॅनन यांनी हे निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले, आणि परीक्षेची धास्ती म्हणजे नुसते मनाचे खेळ किंवा अभ्यास टाळण्याचे निमित्त नाही, हे लघवीच्या साध्या तपासणीतून दिसले.

बोटांत उमटलेली भीती

मॉस्कोत १९२४ च्या सुमारास अलेक्झांडर लूरिया या तरुण मानसशास्त्रज्ञाने वेगळी वाट धरली. त्या काळी तेथील विद्यापीठांत विद्यार्थ्यांची 'साफसफाई' चालू होती. एका समितीपुढे विद्यार्थ्याला उभे केले जाई आणि त्याला शिक्षण पुढे चालू ठेवता येणार की नाही, हे ती ठरवी. लूरिया यांनी समितीच्या दाराबाहेर थांबलेल्या आणि परीक्षेच्या रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. विद्यार्थ्याला एकेक शब्द ऐकवायचा. त्याने मनात येईल तो पहिला शब्द उच्चारायचा आणि त्याच क्षणी रबरी फुगा बोटाने दाबायचा. फुग्यावरील दाबाची रेषा कागदावर उमटे. साध्या शब्दांना ही रेषा सरळ आणि नेटकी येई. परीक्षेशी संबंधित शब्द आला की काही जणांची बोटे थरथरत, रेषा तुटक होई.

सगळ्यांची होत नसे, ही महत्त्वाची गोष्ट. एकाच प्रसंगाला सामोरे जाणाऱ्या विद्यार्थ्यांत स्थिर राहणारे आणि विस्कटून जाणारे असे दोन गट लूरिया यांना दिसले. १९३२ साली त्यांचे पुस्तक इंग्रजीत आले. पुढे लूरिया स्वतः वैद्यकाचे विद्यार्थी झाले आणि १९३७ मध्ये, पस्तिशी गाठताना, त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली.

येलमधील एक सूचना

आधुनिक संशोधनाची सुरुवात साधारणपणे १९५२ पासून धरतात. व्हिएन्नात जन्मलेले आणि नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागलेले जॉर्ज मँडलर त्या वेळी अमेरिकेत येल विद्यापीठात संशोधक विद्यार्थी होते. सेमूर सॅरासन तेथे अध्यापक होते. दोघांनी मिळून परीक्षेच्या धास्तीची एक प्रश्नावली तयार केली. तिच्या आधारे विद्यार्थ्यांचे फार घाबरणारे आणि कमी घाबरणारे असे गट केले आणि त्यांना ठोकळे जुळवण्यासारखी कामे दिली. मध्येच काही जणांना 'तुम्ही छान केले' असे सांगितले, काहींना 'तुम्हांला जमले नाही' असे सांगितले आणि काहींना काहीच सांगितले नाही.

कमी घाबरणाऱ्यांना दोन्ही शेऱ्यांचा फायदा झाला. ते पुढचे काम अधिक चांगले करू लागले. फार घाबरणाऱ्यांचे काम मात्र दोन्ही शेऱ्यांनी बिघडले, स्तुतीनेसुद्धा! त्यांना सर्वांत अनुकूल स्थिती कोणती ठरली? चाचणीचा पुन्हा उल्लेखच न करण्याची. म्हणजे 'हे वर्ष तुझ्या आयुष्याचे आहे', 'आईवडिलांची सगळी भिस्त तुझ्यावर आहे', 'तू नक्की पहिला येणार' अशी वाक्ये आपण पाठीवर हात ठेवून, अगदी मनापासून म्हणतो, तेव्हा आधीच निश्चिंत असलेल्या मुलाला हुरूप येतो. ज्याच्यासाठी ती म्हटलेली असतात त्याचेच ओझे वाढते.

मँडलर आणि सॅरासन यांचे स्पष्टीकरण असे होते: परीक्षेत दोन प्रकारचे प्रतिसाद जागे होतात. एक कामाशी संबंधित आणि दुसरा कामाशी असंबद्ध. 'नापास झालो तर लोक काय म्हणतील' हा विचार दुसऱ्या प्रकारातला. तो गणित सोडवायला काहीच मदत करत नाही, जागा मात्र अडवतो.

धडधड आणि काळजी

१९६७ साली लीबर्ट आणि मॉरिस यांनी धास्तीचे दोन भाग केले. पहिला शरीराचा: धडधड, घाम, पोटात गोळा. दुसरा मनाचा: काळजी, म्हणजे निकालाविषयी आणि स्वतःविषयी चालणारे आतले बोलणे. मग असे आढळले की गुण कमी होण्याशी जास्त संबंध काळजीचा आहे, धडधडीचा बराच कमी. १९७१ मध्ये जेरी वाइन यांनी याची उपपत्ती मांडली. घाबरलेल्या विद्यार्थ्याचे लक्ष प्रश्नपत्रिका आणि स्वतः अशा दोन ठिकाणी वाटले जाते. आज आपण म्हणू, की माणसाची कार्यकारी स्मृती ही लहानशी पाटी आहे. तिच्यावर काळजीने अर्धी जागा लिहून काढली तर गणिताला जागा उरत नाही. घंटेनंतर जिन्यात उत्तरे आठवतात ती याचमुळे. माहिती गेलेली नसते. पाटी मोकळी झाल्यावर ती वर येते.

आमच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न अगदी सोपा होता, आणि आमच्या तोंडून शब्द फुटेना. पाच वर्षे ज्या संयुगावर काम केले त्याचे नाव आठवेना. परीक्षकांनी पाणी पुढे केले आणि 'तुमचे उपकरण कसे चालते ते आधी सांगा' एवढेच म्हटले. उपकरणाविषयी बोलता बोलता नाव आपोआप आले. त्या परीक्षकांनी येलचा निबंध वाचला होता की नाही कोण जाणे, पण त्यांनी केले ते नेमके त्यातलेच. लक्ष आमच्यावरून काढून कामावर नेले.

उपायांचा शोध

पहिले पद्धतशीर उपाय आले ते स्नायूंच्या वाटेने. शिकागोचे वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये एकेक स्नायू आवळून सैल सोडण्याची शिथिलीकरणाची पद्धत मांडली होती. दक्षिण आफ्रिकेतील मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये तिला एक जोड दिली. रुग्णाकडून भीतीच्या प्रसंगांची चढती यादी करून घ्यायची. मग शरीर शिथिल असताना सर्वांत सौम्य प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा. तो निर्भयपणे पाहता आला की पुढच्या पायरीवर जायचे.

परीक्षेत वारंवार नापास होणाऱ्या, चित्रकला शिकणाऱ्या चोवीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीची यादी वोल्पे यांनी नोंदवून ठेवली आहे. खालच्या पायरीवर 'परीक्षेला महिना उरला आहे' हे होते. वरच्या पायऱ्यांवर प्रश्नपत्रिका वाटली जाण्याची वाट पाहणे, बंद दारापुढे उभे राहणे आणि उत्तरे लिहिणे. सर्वांत वरची, म्हणजे सर्वांत भयंकर पायरी कोणती होती? परीक्षेच्या दिवशी विद्यापीठाकडे जाणारा रस्ता! प्रत्यक्ष लिहिण्यापेक्षा तो अधिक भीतिदायक होता. सतरा बैठकांनंतर ती यादीच्या टोकापर्यंत पोहोचली आणि चार महिन्यांनी परीक्षा उत्तीर्ण झाली.

१९७२ मध्ये डोनाल्ड मायकेनबॉम यांनी काळजीच्या भागाला हात घातला. त्यांनी विद्यार्थ्यांना आपले आतले बोलणे ओळखायला आणि बदलायला शिकवले. 'मला काहीच येत नाही' याच्या जागी 'आधी प्रश्न वाचू, मग जे येते तेथून सुरू करू'. १९८८ साली रे हेम्ब्री यांनी तोवरच्या ५६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. धास्तीमुळे कामगिरी खालावते आणि अशा उपायांनी धास्ती कमी होते, तेव्हा गुणही सुधारतात, हा त्याचा निष्कर्ष. केवळ अभ्यासाची तंत्रे शिकवून मात्र धास्ती हटत नाही. घाबरणाऱ्यांच्या अभ्यासाच्या सवयी अनेकदा कच्च्या असतात हे खरे, म्हणून आपले पहिले वाक्य अर्धे खरे. पण उरलेल्या अर्ध्यासाठी 'नीट अभ्यास कर' हा सल्ला पुरत नाही.

पुन्हा वैद्यकाचे विद्यार्थी

१९८० नंतर संशोधकांची नजर पुन्हा वैद्यकीय वर्गाकडे वळली. ओहायो राज्य विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि रोनाल्ड ग्लेसर या दांपत्याने पहिल्या वर्षाच्या ७५ विद्यार्थ्यांचे रक्त परीक्षेच्या महिनाभर आधी आणि परीक्षेच्या पहिल्या दिवशी तपासले. रोगांशी लढणाऱ्या विशिष्ट पेशींची क्रियाशीलता परीक्षेच्या दिवशी घटलेली होती, आणि स्वतःला एकाकी समजणाऱ्यांत ती मुळातच कमी होती. हा निबंध १९८४ चा. १९९८ साली याच गटाने दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या दिवसांतली जखम भरायला सरासरी तीन दिवस अधिक लागले.

भीती लघवीत, रक्तात, जखमेत मोजून झाली. तरी जिची मोजणी होत होती त्या मुलाकडे कोण पाहत होते? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ४७ देशांतील १९५ अभ्यास एकत्र केले होते. सुमारे २७ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणे होती. अशांपैकी उपचारासाठी गेलेले जेमतेम १६ टक्के. ज्यांना रोज रुग्णालयात जायचे असते, तेच स्वतःसाठी दार ठोठावत नाहीत. आपण दुबळे ठरू, ही भीती त्यांना अडवते.

ओढ आणि ढकल

मग भीती काढली तर मुले अभ्यास कशासाठी करतील? एडवर्ड डेसी यांचा १९७१ चा प्रयोग येथे उपयोगी पडतो. त्यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली. एका गटाला एका सत्रात प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे डॉलर मिळे. पुढे डॉलर थांबल्यावर मोकळ्या वेळात या गटाचे कोड्यांत रमणे कमी झाले. बाहेरून ढकलले की आतली ओढ क्षीण होते, असे यातून सुचले. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे यावर प्रेरणेचा एक सिद्धांतच उभारला.

त्याची कसोटी पुन्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांवर लागली. १९९६ मध्ये जेफ्री विल्यम्स आणि डेसी यांनी रुग्णाशी बोलण्याचे कौशल्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. ज्यांचे शिक्षक त्यांचे म्हणणे ऐकून घेत, निवडीला वाव देत, त्या विद्यार्थ्यांनी ती मूल्ये अधिक आपलीशी केली. सहा महिन्यांनी ते रुग्णांशीही तसेच वागताना दिसले. शिक्षक विद्यार्थ्याशी जसा वागतो, त्याचा पडसाद उद्याच्या रुग्णाच्या खाटेपाशी उमटतो.

विद्यार्थी बदलायचा की परीक्षा?

१९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी वैद्यकाची प्रात्यक्षिक परीक्षा वेगळ्या रीतीने मांडली. एकाच परीक्षकाच्या मर्जीऐवजी अनेक छोटी टेबले, प्रत्येकावर एक ठराविक काम आणि गुण देण्याची आधी ठरलेली यादी. तिने भीती नाहीशी केली नाही, पण नशिबाचा भाग कमी केला. अमेरिकेत सेंट लुइस विद्यापीठात २००९ पासून पहिल्या दोन वर्षांतील श्रेणी काढून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठेवले गेले आणि तासिकाही कमी केल्या गेल्या. विद्यार्थ्यांतील नैराश्य व चिंता घटली, आणि बाहेरच्या परीक्षेतले गुण घसरले नाहीत. जानेवारी २०२२ पासून तेथील परवाना परीक्षेचा पहिला टप्पाही केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण झाला.

आपल्याकडे चित्र निराळे आहे. २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा साधारण एक लाखाच्या वर. म्हणजे कितीही उत्तम समुपदेशन केले तरी बहुसंख्य मुलांना जागा मिळणार नाही, हे गणितच आहे. भीतीचा एवढा भाग मुलांच्या मनात नसून बाहेर आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. २०१९ च्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत वर्गांत ताण आणि वेळेचे नियोजन यांना स्थान मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. पण ती प्रवेश मिळालेल्यांसाठी. दाराबाहेर राहिलेल्यांची जबाबदारी शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांतील आपल्यासारख्यांवर येते.

आपण काय करू शकतो? खर्चाविना जमण्यासारख्या तीन गोष्टी या इतिहासातच आहेत. पहिली, परीक्षेच्या तोंडावर निकालाविषयी बोलणे थांबवणे आणि कामाविषयी बोलणे. दुसरी, परीक्षेआधी दहा मिनिटे आपली काळजी कागदावर उतरवू देणे. २०११ मध्ये रामिरेझ आणि बायलॉक यांनी नववीच्या विद्यार्थ्यांबरोबर हे करून पाहिले, आणि फार घाबरणाऱ्यांचे गुण त्यामुळे सुधारले. तिसरी, धडधडीचा अर्थ समजावून सांगणे. २०१० च्या एका प्रयोगात 'ही धडधड कामाला मदत करू शकते' एवढे सांगितलेल्या विद्यार्थ्यांनी गणिताचे प्रश्न अधिक चांगले सोडवले. कॅनन यांची मांजर आणि ते राखीव खेळाडू यांची गोष्ट विज्ञानाच्या तासाला सांगितली, तर हे आपोआप साधेल.

एखादा विद्यार्थी मात्र झोपत नाही, जेवत नाही, जगण्यात अर्थ नाही असे बोलतो, तेव्हा या युक्त्यांवर विसंबू नये. त्याला एकटे सोडू नये, आणि पालक व तज्ज्ञ यांच्याशी त्याच दिवशी बोलावे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली आहे. हा क्रमांक वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात, तारखेच्या शेजारी लिहून ठेवावा. मुले तो विचारायला येणार नाहीत, पण वाचतील.